धाकटीचा रोजचा वाढदिवस

१

आमच्या निवासात सकाळचा चहा साडेसहाला येतो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा सातला. चहा कोमट असतो, शुभेच्छा वक्तशीर. प्रत्येक खोलीत दाराच्या चौकटीवर बशीएवढी एक जाळी बसवलेली आहे. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या जाळीतून एका बाईचा आवाज येतो, अभिनंदन करतो, किती वर्षे पूर्ण झाली ते सांगतो आणि खट् करून बंद होतो. आवाज यंत्राचा आहे. तो वाक्य भलत्याच ठिकाणी तोडतो. 'आपणास वाढ. दिवसाच्या हार्दिक. शुभेच्छा.' असे तो म्हणत असे. मी त्याबद्दल दोनदा लेखी तक्रार केली होती. वाक्य कोठे तोडावे हे ज्याला कळत नाही त्याने शुभेच्छा देण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली माझी आणि माझ्या बहिणीची. मी सत्त्याहत्तर वर्षांची. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. घरात तिला कोणी नावाने हाक मारलीच नाही, ती धाकटी होती. आणि निवासात आल्यावर आठवड्याभरात स्वयंपाकघरापासून कचेरीपर्यंत सगळ्यांची धाकटी झाली. अंगाने लहानखुरी, जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी, दात सगळे स्वतःचे, आणि पत्त्यांत उघडउघड लबाडी करणारी. मी टोकले तर वर मलाच ऐकवायची, "ताई, लबाडी नाही केली तर खेळायचं कशाला? नुसते पत्ते मोजायला तू आहेसच की."

तिचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. गेल्या पावसाळ्यात आम्ही दाखल झालो त्या दिवशी कचेरीतल्या कारकूनबाईंनी आपल्या सोयीने अठ्ठावीस टिपून घेतली होती.

"एकोणतीस दर वर्षी येत नाही ना, आजी. उगाच घोळ होतो."

"पाहुणे दर वर्षी येत नाहीत म्हणून ते मेले असे आपण लिहीत नाही," मी म्हटले, आणि समोर उभे राहून तारीख दुरुस्त करून घेतली. मी केले ते बरोबरच होते. आजही मी तेच म्हणेन.

यंदा फेब्रुवारीला एकोणतीस तारीख होती. सातला जाळी बोलली. बहात्तर. धाकटीने उभे राहून जाळीला लवून नमस्कार केला, आणि न्याहारीला केकचे दोन तुकडे खाल्ले. त्यातला एक माझा होता.

२

दुसऱ्या दिवशी, एक मार्चला, मी आरशासमोर केस विंचरत होते. सात वाजले आणि डोक्यावरून आवाज आला, 'आपणास त्र्याहत्तर. वर्षे पूर्ण झाल्या. बद्दल.'

धाकटी पलंगावर उठून बसली. "ऐकलंस? काल बहात्तर, आज त्र्याहत्तर! ताई, ही जाळी माझ्या प्रेमात पडलीय."

"हसू नकोस. ही चूक आहे."

"असू दे की. चुकून का होईना, केक येईल."

"मी कचेरीत सांगणार आहे."

"सांग, पण केक आल्यावर सांग."

केक आला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले: चौऱ्याहत्तर. मात्र त्या सकाळी आवाजाने वाक्य सरळ, सलग, योग्य जागी श्वास घेऊन म्हटले. मला प्रथम समाधान वाटले. कोणीतरी माझी तक्रार वाचली, असा माझा समज झाला. चहाचा कप खाली ठेवताना मात्र मनात आले, की श्वास घेतल्याचा आवाज मला ऐकू आला होता. यंत्राला श्वास कशाला लागतो?

३

व्यवस्थापक हे चाळिशीतले सद्गृहस्थ, बारा महिने हसतमुख. हसतमुख माणसाशी भांडणे फार कठीण. त्याला वाटते आपण गंमत करतो आहोत.

"बाई, शुभेच्छा जास्त मिळाल्या म्हणून तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"शुभेच्छांबद्दल तक्रार नाही. वय चुकीचे सांगितले जात आहे."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. धाकटीच्या नावाच्या ओळीत पंच्याहत्तर हा आकडा होता. "हे बघा. इथं पंच्याहत्तरच आहेत. म्हणजे सांगणारा बरोबर सांगतोय."

मी तिच्या जन्माचा दाखला टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांनी, ओला असल्यासारखा, उचलला. "हा कागद फार जुना झाला, बाई. आमचं हे रोज अद्ययावत होतं."

"जन्म रोज अद्ययावत होत नाही."

ते खो खो हसले. मग त्यांनी सांगितले, की हे सारे मुख्य कचेरीतून चालते. आमच्यासारखी कितीतरी निवासे आहेत, आणि सगळ्यांचे संगणक पाहणारा गृहस्थ एकच. त्याला सगळे चटपटे म्हणतात, कारण काहीही विचारले की तो 'चटपट होईल' म्हणतो. तक्रार त्याच्याकडे पाठवली आहे; तो महिनाअखेरीस येईल.

"आणि तोवर?"

"तोवर रोज वाढदिवस! मजा आहे बुवा एका माणसाची."

माझ्या मस्तकात तिडीक उठली. जिना चढताना तीन वेळा थांबावे लागले, ते गुडघ्यांमुळे नव्हे.

४

जाळीच्या हिशेबाने धाकटी माझ्या वयाची झाली त्या दिवशी न्याहारीला तिचा पुढचा दात पावात राहिला. रक्त नाही, वेदना नाही. तिने तो बशीच्या कडेला ठेवला आणि रुमालाने झाकला. तिने त्यावर विनोद केला नाही. मला ते दातापेक्षा जास्त लागले.

मी स्वतःला बजावले, की हे वय असेच असते. म्हातारपण पायरी पायरीने येत नाही, एखाद्या आठवड्यात धाडकन खाली आणते. हे मी माझ्या दोन्ही काकूंच्या बाबतीत पाहिले होते. शिवाय एखाद्याला रोज सकाळी 'तू म्हातारा झालास' असे ऐकवत राहिले, तर दगडालाही सुरकुत्या पडतील. मनाचा परिणाम, दुसरे काय. मी जाळीत एक जाड टॉवेल कोंबला. दुसऱ्या दिवशी सातला टॉवेलाआडून शुभेच्छा आल्या, तोंडावर उशी धरलेल्या माणसासारख्या. आणि धाकटीच्या हातावर कालपर्यंत नसलेले तपकिरी डाग उमटलेले होते.

मंगळवारी डॉक्टर आले. त्यांनी तिची नाडी पाहिली आणि हातातल्या पडद्यावर नजर टाकली. "ब्याऐंशी ना? मग ब्याऐंशीला हे असंच असायचं. उलट छानच आहेत की."

"ती बहात्तर वर्षांची आहे."

"कोण, या?" ते धाकटीकडे पाहून हसले. "आजी, तुमच्या बहिणीला तुम्हाला तरुण ठेवायचंय हं."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ताई," ती हळूच म्हणाली, "त्यांना म्हणावं बस्स झालं आता. मला हे आवडत नाहीये."

त्या सायंकाळी मी तिचा झोपायचा झगा घड्या घालायला घेतला. त्याची शिवण मी स्वतः घातलेली होती, बरोबर घोट्यापर्यंत. त्याची खालची कड मळली होती. मी तिला उठवून उभे केले आणि झगा अंगाला लावून पाहिला. तो चांगला चार बोटे जमिनीवर लोळत होता. मनाच्या परिणामाने माणूस खंगतो, हे मला मान्य आहे. मनाच्या परिणामाने हाडे आखूड होत नाहीत.

५

मी व्यवस्थापकांकडे रोज जाऊ लागले. मला पाहताच ते दूरध्वनी कानाला लावत. एकदा मी त्यांना विचारले, की तळमजल्यावरचे आजोबा, ज्यांना सगळे घड्याळजी म्हणतात, ते त्यांच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन का चालतात. ते म्हणाले, "वय झालं, बाई. दर वर्षी एकेक वर्ष होणारच."  त्यांच्या उत्तरात मला चूक काढता आली नाही, आणि म्हणूनच ते मला आवडले नाही.

धाकटी आता दिवसाचा बराच वेळ पडून असे. मी तिची वेणी घालत होते. वेणी कसली, करंगळीएवढा पांढरा दोर. ती म्हणाली, "पुरे गं बाळ, दमलीस."

माझा हात थांबला. "ताई म्हण."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. नजर गोड होती, अनोळखी माणसाने आपल्याला जागा करून दिल्यावर आपण पाहतो तशी. "बरं हं, बाळ," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात खालून नवी सेविका चादरी बदलायला आली. पलंगाकडे पाहून तिने मला सहज विचारले, "आई का तुमच्या?" मी तिला जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही. ती रडत गेली. मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

आणि रोज सातला तो आवाज. धाकटीच्या हसण्यात एक लकब होती: हसू आले की ते आधी नाकातून निसटायचे आणि मग ओठांवर यायचे. कित्येक दिवस ती हसली नव्हती. त्या सकाळी जाळीतल्या बाईने वय सांगितले, नव्वद, आणि खट् होण्यापूर्वी ती नाकातून हसली.

मी टॉवेल ओढून काढला आणि शिवणकामाची कात्री घेतली.

६

खुर्चीवर चढणे मला डॉक्टरांनी बंद केलेले आहे. मी चढले. जाळीच्या मागून दोन तारा निघून भिंतीत जातात. मी त्या दोन्ही कापल्या, टोके वेगवेगळ्या दिशांना वाकवली, जाळी काढून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातले. मग धाकटीला सांगितले, "उद्या शांत झोप." तिने मान डोलावली. मला वाटते तिला ते समजले होते.

सकाळी मी सातच्या आधीच तिच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसले. बाहेरच्या बोळात चहाची गाडी येऊन गेली. तिचे एक चाक कुरकुरते. ते कुरकुरत लांब गेले आणि जिन्याशी थांबले. खिडकीतून स्वच्छ उजेड आला होता. खोलीतली प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. सात वाजले. चौकटीच्या वर फक्त तारांची दोन टोके होती, आणि ती गप्प होती.

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच दारापलीकडून कोणीतरी म्हणाले, "एक्क्याण्णव हं आज. शुभेच्छा!"

वरून नव्हे. जाळी दाराच्या वर होती. हा आवाज दाराच्या मध्यावरून आला. माझ्या खांद्याला जेमतेम लागणाऱ्या माणसाचे तोंड जेथे येईल, बरोबर तेथून. मागोमाग नाकातून निसटलेले हसू, आणि दाराच्या फळीवर बोटांची टकटक, मजेत, ताल धरल्यासारखी.

मी उठून दार उघडले. राग माणसाला जे धैर्य देतो ते शहाणपणाने कधी येत नाही. बोळ रिकामा होता. लांब टोकाला चहाची गाडी उभी होती आणि सेविका कपात चहा ओतत होती.

"आत्ता येथे कोण होते?"

"कोणी नाही, आजी. आत्ता तुमची धाकटी..." ती बोलता बोलता अडखळली, आणि माझ्या खांद्यावरून पलंगाकडे पाहून तिने किटली खाली ठेवली. "नाही. कोणी नाही."

७

महिनाअखेर म्हणजे आकडा शंभराच्या पलीकडे, एवढे गणित मला येते. धाकटीला आता चमच्याने पाणी पाजावे लागत होते. तिच्याजवळ इतके दिवस शिल्लक नव्हते. दोन दिवस मी मुख्य कचेरीला दूरध्वनी केले. मला संगीत ऐकवण्यात आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी व्यवस्थापकांच्या कचेरीत गेले, ते हात धुवायला उठले होते, आणि त्यांच्या खुर्चीत बसले.

"बाई, ही माझी खुर्ची आहे."

"आहे ना. मग चटपट्यांना लवकर बोलवा."

"असं कसं? त्यांचं वेळापत्रक असतं."

"माझेही आहे. जेवण येथेच पाठवा."

दुपारी चटपटे आला. तिशीचा, पाठीवर पिशवी, तोंडात च्युइंग गम. जिन्याखाली एक कोठडी आहे, तेथे निवासाचे यंत्र असते. आत थंडगार, पंख्यांची अखंड घरघर, आणि डोक्यावर जिन्याच्या पायऱ्यांचा उतार. व्यवस्थापक धरून आम्ही तिघे त्यात कसेबसे मावलो.

"आजी, एकदम सोपं आहे," तो बोटे चालवीत म्हणाला. "पूर्वी यंत्र रोज सकाळी सगळ्या निवासांतल्या सगळ्यांच्या जन्मतारखा एकेक करून बघायचं. तारखा वर्षाप्रमाणे लावलेल्या असतात, आणि वाढदिवसाला वर्ष लागतच नाही, लागतो नुसता दिवस आणि महिना. म्हणजे लावून ठेवल्याचा उपयोग शून्य. शुभेच्छा पोचायला दुपार व्हायची. मग मी काय केलं, प्रत्येकाच्या ओळीत एक रकाना वाढवला: पुढचा वाढदिवस कधी. आणि त्याप्रमाणे सगळ्यांना रांगेत उभं केलं, दवाखान्यात असते तशी. आता यंत्रानं फक्त रांगेचं तोंड बघायचं. ज्याची तारीख आली त्याच्या वयात एक मिळव, शुभेच्छा दे, तारीख एक वर्ष पुढे ढकल, की तो गेला रांगेच्या मागे. चटपट!"

"वयात एक मिळव? तुम्ही वय साठवून ठेवता?"

"दर वेळी वजाबाकी करत कोण बसणार?"

"वय म्हणजेच वजाबाकी. ती साठवायची वस्तू नव्हे. साठवलेल्या वस्तूला कोणीही हात लावू शकतो."

तो हसला, आणि मग पडद्याकडे पाहून हसायचा थांबला. च्युइंग गमही थांबले.

"अरे. एकोणतीस फेब्रुवारी."

"हो."

"पुढच्या वर्षी ही तारीखच नाही. ढकलायला गेलं की यंत्र नाही म्हणतं. म्हणून या मागे जातच नाहीत. रोज सकाळी रांगेच्या तोंडाशी याच उभ्या. वय आधी वाढतं, तारीख नंतर. पहिलं होतं, दुसरं फसतं."

"आणि फसल्याचे कोणाला कळत नाही?"

"कळतं ना. नोंद होते त्याची."

"ती कोण वाचते?"

चटपट्याने व्यवस्थापकांकडे पाहिले. व्यवस्थापकांनी पंख्याकडे पाहिले. त्या क्षणी माझ्या हातात छत्री असती तर मी ती दोघांवर मोडली असती. माझ्या बहिणीची वीस-बावीस वर्षे या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडली होती, आणि वाकून उचलायला कोणी तयार नव्हते.

"नीट करायचं तर दोन-तीन दिवस लागतील," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता हवं तर अठ्ठावीस टाकतो. एका दिवसाचा तर फरक."

दोन-तीन दिवस म्हणजे दोन-तीन वर्षे. खोटी तारीख मी जन्मात कोणाला घालू दिली नव्हती. "घाला," मी म्हटले. "आत्ता."

"आणि वय पण पहिल्यासारखं करतो. बहात्तर. म्हणजे धाकट्या बाई होत्या तशा." त्याने एक कळ दाबली.

आमच्या डोक्यावरच्या जिन्यावरून कोणीतरी भरभर उतरले. हलके पाय, कठड्याला हात न लावता. शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून. मग जेवणघराच्या दाराचा आवाज आला.

"झालं," चटपटे म्हणाला.

८

मी जमेल तेवढ्या लवकर वर गेले. मनात काय होते ते सांगायला मला लाज वाटत नाही: मला वाटत होते की ती पलंगावर बसलेली असेल, पाय हलवीत, आणि विचारेल की कुठे गेली होतीस, भूक लागली.

ती होती तशीच पडली होती. मिटलेल्या डोळ्यांभोवती कागदासारखी कातडी, उशीवर मुठीएवढे डोके. मी तिचा हात हातात घेतला. त्याला वजन नव्हते.

दुसऱ्या दिवशी सातला काही झाले नाही. मी बराच वेळ ऐकत राहिले. मग तिचे तोंड पुसायला कोमट पाणी आणावे म्हणून भांडे घेऊन खाली उतरले.

जेवणघरातून हसण्याचा गलका येत होता, आणि त्या गलक्यात माझ्या बहिणीचा आवाज. "...मग मी काय केलं, मांजराचं पिल्लू गुपचूप ताईच्या दप्तरात घातलं. वर्गात बाई म्हणाल्या वही काढा. हिनं हात घातला, आणि दप्तर म्हणालं, म्याव! आमची ताई उभी राहून म्हणते कशी, बाई, हे माझं नाही, पण याला भूक लागलीय."

ही गोष्ट मी निवासात दुसऱ्या कोणाला सांगितलेली नाही. आदल्या सायंकाळी मी पलंगाशी बसून हीच गोष्ट तिला आठवते का पाहिले होते. तिला मांजर म्हणजे काय तेही नीट सांगता आले नव्हते.

मी दारात उभी राहिले. आमच्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून, एक लहानखुरी बाई बसली होती. अर्धे केस अजून काळे. झगा बरोबर घोट्यापर्यंत. तिने कडक पाव उचलला आणि तो दातांनी तोडल्याचा आवाज सबंध जेवणघरात ऐकू आला.

"या ना, या!" घड्याळजी काठी उंचावून म्हणाले. "तुमच्या धाकट्या बाई काय एकेक सांगतायत!"

व्यवस्थापक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, हसतमुख. "बघा बाई. झालं की नाही सगळं नीट? तुम्ही उगाच रागावता." मग आवाज उतरवून म्हणाले, "फक्त एक आहे. तुमच्या खोलीत कोणी म्हाताऱ्या बाई आहेत, असं सेविका म्हणते. खोली दोघींची आहे, बाई. तिसरं माणूस चालत नाही. आणि त्यांची आमच्याकडे ओळच नाही. मी शोधलं. दुपारी गाडी बोलावलीय."

"ती माझी बहीण आहे."

"बहीण तर ही काय इथं बसलीय," ते समजुतीने म्हणाले, आणि बोट दाखवले.

त्या बाईने आमचे बोलणे ऐकले असावे. तिने पाव बशीत ठेवला. तिची मान, मी साठ-सत्तर वर्षे वेणी घालताना पाहिलेली, हळूहळू वळू लागली. कान दिसला, गालाची कड दिसली, हसण्याने वर चढलेली.

मी थांबले नाही. हातातले भांडे त्याच जागी टाकले आणि जिना चढले.

९

दाराला आतून कडी घातली. दारापुढे खुर्ची लावली, खुर्चीवर माझी पेटी ठेवली. दुपारला अवकाश होता. गाडी येईल, माणसे येतील, त्यांच्याजवळ कागद असेल. येऊ द्या. पडद्यावर जिची ओळ नाही असे एक माणूस या पलंगावर श्वास घेत आहे, आणि मी तो ऐकते आहे.

बोळातून पावले आली. घाई नव्हती. ती दाराशी थांबली.

"ताई, दार उघड ना गं. माझा चष्मा आत राहिलाय."

मी वळून पाहिले. तिचा चष्मा खरोखरच आत, खिडकीत होता.

"रागावलीस? मी काय केलं? मला सगळं आठवतंय बघ. तुझं दप्तर, आपली गच्ची, आई गेली तेव्हा तू माझे कान झाकले होतेस ते. विचार काहीही."

मला विचारायचे नव्हते. तिला सगळे आठवत असणार, यात मला शंका नव्हती. तेवढेच तर तिने नेले होते.

"आणि ती बघ," आवाज खाली आला, फळीला ओठ लावल्यासारखा. "ती तुला ओळखत सुद्धा नाही."

"ओळखणाऱ्याला कोणीही सांभाळील," मी म्हटले. माझा आवाज इतका चढला होता की मलाच तो परका वाटला. "तू जा येथून."

 मग नाकातून निसटलेले ते हसू. मग काही नाही. आणि मग माझ्यासमोर, खुर्चीच्या पाठीतल्या फटीतून मला दिसले, की आतली कडी, मी घट्ट बसवलेली, खोबणीतून नखाएवढी मागे सरकली.

"ताई," दार म्हणाले.

त्याच क्षणी पलंगावरून, वाऱ्याने कागद हलावा तसा आवाज आला. "बाळ? कोण आहे गं तिकडे?"

दोघींना एका वेळी ओ देता येत नव्हती. दाराकडची हाक माझी होती. सत्तर वर्षे मी तिलाच उत्तर देत आले होते. कडी आणखी सरकली. मी दाराकडे पाठ केली, पलंगाशी गेले, तिच्या अंगावर वाकून तिला दोन्ही हातांनी झाकले, आणि जी हाक उभ्या आयुष्यात कधी माझी नव्हती तिला ओ दिली.